सव्वादोन सेकंद

कुटुंबासाठी विजेची गाडी घ्यायला निघालेल्या गृहस्थापुढे सध्या एकच धर्मसंकट आहे: परफॉर्मन्स की लाँग रेंज? गाडी तीच, सीटा पाचच, बॅटरीही बहुधा तीच आणि मागे सासूबाईंच्या गुडघ्यांना जागा तेवढीच. परफॉर्मन्सला एक मोटर जास्त असते, चाकं इंच-दोन इंचांनी मोठी असतात आणि डिकीवर एक छोटासा बिल्ला असतो. ती शून्यापासून ताशी शंभरचा वेग साडेचार सेकंदांत गाठते. लाँग रेंजला पावणेसात लागतात, पण ती एका चार्जिंगमध्ये जरा लांब जाते. एका नमुनेदार जोडीतला किमतीचा फरक सहा लाख धरू. म्हणजे हिशेब सरळ आहे. सहा लाखांत सव्वादोन सेकंद. सेकंदाचा भाव दोन लाख सहासष्ट हजार; विमा वेगळा.

हे सव्वादोन सेकंद घ्यावेत की न घ्यावेत, यावर आपले गृहस्थ गेली दिवाळी ते ही दिवाळी विचार करत आहेत. एरवी पार्किंगचे वीस रुपये वाचावेत म्हणून चार गल्ल्या पलीकडे गाडी लावून चालत येणारा हा माणूस. त्यांनी एक्सेल शीट केली आहे. तिच्यात टॉर्कचा स्तंभ आहे, टायरच्या रुंदीचा आहे, पाच वर्षांनंतरच्या रिसेल किमतीचा आहे. घरातल्या माणसांचा मात्र नाही. तो असता तर शीट दुसऱ्याच ओळीत संपली असती, कारण या घरात वेगाचं धोरण लग्नाच्या दिवसापासून ठरलेलं आहे आणि ते डाव्या सीटवरून जाहीर होतं. "अहो, हळू." एवढंच. चाळीसला अहो हळू, साठला अहो हळू, आणि ऐंशीला नुसतंच हँडल घट्ट धरणं. शून्य ते शंभर साडेचार सेकंदांत जाणाऱ्या गाडीत "अहो" म्हणेपर्यंत साठ होतील आणि "हळू" म्हणेपर्यंत शंभर. संसार असा चालत नाही.

जरा कल्पना करून पाहा. साडेचार सेकंदांत शंभर म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या साधारण ६३ टक्के इतक्या जोरानं माणूस सीटमध्ये रुतवला जाणार. आता या माणसाच्या मांडीवर गणपती ठेवा. भाद्रपदातल्या चतुर्थीला मूर्तीवर रुमाल घालून, सोंडेला धक्का लागू नये म्हणून श्वाससुद्धा जपून घेत गणपती घरी आणायचा, अशी आपली रीत. या प्रसंगासाठी ३८० अश्वशक्ती. मागच्या सीटवर आई, तिच्या पायाशी कढीचा डबा. डब्याला झाकण आहे, पण ते कोणत्या जमान्यातलं हे आईलाही आठवत नाही. शेजारी धाकटा, ज्याला वरंध घाटाच्या नुसत्या नावानं मळमळतं आणि ज्याच्यासाठी पर्समध्ये आवळासुपारी, लिंबू आणि दोन रिकाम्या पिशव्या कायम असतात. मधोमध आजोबा, ज्यांच्या मानेला गेल्याच महिन्यात पट्टा लागला आहे. आणि चालकाच्या जागी, स्पोर्ट मोडच्या बटणावर अंगठा ठेवून, आपले गृहस्थ. या कुटुंबाला सव्वादोन सेकंद लवकर कुठे पोचायचं आहे? हे कुटुंब निघायच्या वेळेनंतर पाऊण तासानं निघतं, कोपऱ्यापर्यंत जाऊन गॅस बंद केला का ते बघायला परत येतं, आणि पुन्हा निघाल्यावर चष्मा राहिलेला असतो.

बरं, शंभर करायचं म्हटलं तरी ते करायचं कुठे? सरळ गणित मांडलं तर साडेचार सेकंदांत शंभर गाठताना गाडी ६२ मीटर पुढे गेलेली असते. आता तुमच्या घरापासून मुख्य रस्त्यापर्यंत असे सलग ६२ मीटर दाखवा, की ज्यात गतिरोधक नाही. शास्त्राप्रमाणे गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा, म्हणजे ताशी २५ किलोमीटरनं तो सुखानं ओलांडता येतो. आपल्याकडचे गतिरोधक रात्री उगवतात. उंची उरलेल्या डांबरावर ठरते. पाच माणसं बसलेली आणि तळाला बॅटरी असलेली गाडी त्यावरून जाताना जो खर्र आवाज येतो, तो मालकाच्या काळजातून येतो. खड्ड्यांचं वेगळं सांगायला नको. परफॉर्मन्सच्या मोठ्या चाकांना टायर पातळ असतात, रबर कमी आणि रिम जास्त. पहिल्या पावसाळ्यातच हा सौंदर्यविचार पंक्चरवाल्याकडे जाऊन पोचतो. तो टायर हातात घेऊन, मान हलवून म्हणतो, "हे आपल्याकडं मिळत नाय, साहेब."

मग उरतो द्रुतगती मार्ग. मुंबई ते पुणे, साडेचौऱ्याण्णव किलोमीटर, सपाटीवर मोटारींना मर्यादा ताशी १००. म्हणजे टोलनाक्यावर थांबलात, अडथळा वर गेला, समोर मोकळं असलं आणि सासूबाई झोपल्या असल्या, तर तिथे एकदा कायदेशीररीत्या शून्य ते शंभर करता येईल. पण घाटात मर्यादा ६०. तिथे शर्यत साठपर्यंतच, म्हणजे सव्वादोनातला जवळजवळ एक सेकंद वापराविनाच राहिला. सुमारे अडीच लाख रुपये, अमृतांजन पूल होता त्याच्या आसपास, दरीत. कुणी म्हणेल, ओव्हरटेकला लागतो हो पिकअप. लागतो ना. पण साध्या पेट्रोल गाडीला शंभर गाठायला बारा-तेरा सेकंद लागतात आणि तिच्यातून आपण वीस वर्षं ट्रक ओलांडले. पावणेसातवाली ही 'मंद' गाडी तिच्या जवळजवळ दुप्पट चपळ आहे. शोरूममध्ये मात्र तिच्याकडे पाहून सेल्समन असा काही हळहळतो, की तिला घरात ठेवावं की वृद्धाश्रमात, असा प्रश्न पडावा.

इथवर वाचून लाँग रेंजवाले खूश झाले असतील. त्यांनी इतक्यात हसू नये. परफॉर्मन्सवाला हौसेपोटी पैसे घालवतो, लाँग रेंजवाला भीतीपोटी. हा माणूस रोज बाणेरहून मगरपट्ट्याला आणि परत, म्हणजे चाळीसेक किलोमीटर जातो. त्याला ५५० किलोमीटरची गाडी हवी आहे. का? "समजा रात्री अचानक बेळगावला जावं लागलं तर?" बेळगावला त्याचं कोणीही नाही. गेल्या दहा वर्षांत तो जास्तीत जास्त कोल्हापूरपर्यंत गेला आहे, तेही लग्नाला, तेही बसनं. पण त्या न येणाऱ्या रात्रीसाठी तो रोज सकाळी सुमारे पाच क्विंटल बॅटरी घेऊन कामावर जाणार. पाच क्विंटल. जिच्यातली नव्वदेक टक्के वीज दर संध्याकाळी जशीच्या तशी घरी परत येते, ऑफिसला नेलेला डबा न उघडता परत आणावा तशी.

आणि ते ५५० तरी कोणते? रेंजचा जो आकडा छापतात, तो चाचणीच्या खोलीत निघतो. गाडी रोलरवर उभी असते. खिडकीबाहेर वारा नाही, समोर म्हैस नाही, एसी बंद. भारतीय चाचणीचक्रात कमाल वेग ताशी ९० आणि तोही शेवटी थोडा वेळ. म्हणजे हा आकडा मिळवायचा तर मे महिन्यात एसी न लावता, घरातल्या कुणालाही न घेता, खोलीतल्या खोलीत फिरावं लागेल. रस्त्यावर आलात की हवा आडवी येते. आणि हवेला व्हेरियंट कळत नाही. वेग दीडपट केला, ऐंशीवरून एकशेवीसवर गेलात, की हवेचा अडथळा किती पट होतो ठाऊक आहे? सव्वादोन पट. हा आकडा माणसाची पाठ सोडत नाही. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, सपाटीवर मर्यादा १२०. तिथे त्या मर्यादेनं सलग गाडी हाकली, की ५५० वाल्याला वाटेत कुठेतरी वायर लावून उभं राहावं लागतं आणि परफॉर्मन्सच्या ५२५ वाल्यालाही. फरक एवढाच, की लाँग रेंजवाला जरा पुढच्या ठिकाणी उभा असतो.

खरं तर कुटुंबासाठी गाडी घेताना मोजायची रेंज कुटुंबाची. मराठी कुटुंबाची रेंज सुमारे शंभर किलोमीटर आहे. ही चाचणी कुठल्याही खोलीत होत नाही, पण कुठल्याही सुट्टीत तपासून पाहता येते. पुण्याहून निघालेलं कुटुंब खंबाटकी ओलांडेपर्यंत कसंबसं तग धरतं. मग धाकट्याला लागते, आजोबांना मधुमेहामुळे लागते, आईला चहा लागतो आणि बायकोला थोडं मोकळं व्हायचं असतं, म्हणजे गाडीतल्या इतर चौघांपासून. सातारा येण्याआधी मिसळीची पाटी दिसते. मिसळ खाणं, पाव पुन्हा मागवणं, रश्शाबद्दल मतभेद, स्वच्छतागृहासमोरची रांग आणि शेवटी हरवलेली एक चप्पल, यांत चाळीस मिनिटं जातात. तेवढ्या वेळात ६० किलोवॉटचा फास्ट चार्जर, नीट चालत असला तर, दीड-दोनशे किलोमीटरची वीज गाडीत भरतो. म्हणजे या देशातली कुठलीही बरी विजेची गाडी या कुटुंबाच्या मूत्राशयापेक्षा लांब पल्ल्याची आहे. हे वाक्य कुठल्याही ब्रोशरमध्ये नाही. ते असतं तर मोठी बॅटरी विकली कशी गेली असती?

'नीट चालत असला तर' हे मी सहज लिहून गेलो, पण सगळी मेख तिथेच आहे. चार्जरच्या पडद्यावर लाल दिवा, किंवा त्या जागेवर आडवी लावलेली डिझेल जीप, किंवा चार्जर ठणठणीत पण त्याचं ॲप मोबाईलवर येणारा ओटीपी मागतंय आणि मोबाईलला तिथे नेटवर्क नाही. घरी तर आणखी मौज. चाळीस लाखांची गाडी घेऊन गृहस्थ सोसायटीत येतात आणि सेक्रेटरींकडे एका सॉकेटची परवानगी मागतात. १६ अँपिअरचं, गिझरला असतं तसं. ८० युनिटांची बॅटरी त्यावर पूर्ण रिकामीपासून भरायला चोवीस तासांच्या वर लागतात, पण रोजच्या चाळीस किलोमीटरची वीज दोन-तीन तासांत भरून निघते. एवढं पुरतं. पण सर्वसाधारण सभेत विषय येतो. एक काका उठतात, "आग लागली तर?" त्यांच्या स्वतःच्या गॅलरीत दोन सिलिंडर आहेत. दुसरे उठतात, "मग आम्हालाही द्या सॉकेट." त्यांच्याकडे गाडी नाही. तिसरे म्हणतात, आधी गळतीचा विषय घ्या. एनओसी पुढच्या सभेवर जाते आणि पुढची सभा गणसंख्येअभावी तहकूब होऊन त्याच जागी अर्ध्या तासानं भरते आणि चहानंतर संपते. सहा लाखांत सव्वादोन सेकंद मिळतात, ५५० किलोमीटर मिळतात, पण आपल्याच पार्किंगमध्ये भिंतीला तीन भोकं मिळत नाहीत. गृहस्थ मग ऑफिसमध्ये फुकट चार्ज करतात आणि घरी आल्यावर एक्सेल उघडून पुन्हा टॉर्क बघतात.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो त्याच सव्वादोन सेकंदांचा. हे सेकंद सहा लाख देऊन विकत का घ्यावेत, हे मला कळत नाही, कारण पुण्यात ते फुकट मिळतात. कुठल्याही चौकात उभे राहा. सिग्नलवर लाल आकडे उतरत असतात. दहा, नऊ, आठ. पाचाला गाड्यांच्या घंटा वाजायला लागतात, म्हणजे हॉर्न. चारला दुचाक्यांची पुढची चाकं झेब्रा पट्ट्यांच्या पलीकडे गेलेली असतात. तीन उरले की चौक सुटतो. लाल दिवा लालच असतो, तो बिचारा आकडे पुरे करत बसतो, आणि तोवर अख्खी फळी पुढच्या सिग्नलच्या वाटेला लागलेली असते. तीन सेकंद, रोख, बिनकिमतीचे, रोज प्रत्येक चौकात. चाळीस हजारांच्या जुन्या स्कूटरवरचा माणूस, मागे बायको, मध्ये मूल, पायाशी सिलिंडर, ज्या तीन सेकंदांची कमाई करतो, त्यातले सव्वादोनच मिळवायला आपल्या गृहस्थांना दुसरी मोटर लागते. आणि ती दुसरी मोटर असून ते या फळीत तिसऱ्या रांगेत अडकलेले असतात, कारण समोर टेम्पो आहे, टेम्पोसमोर रिक्षा आहे आणि रिक्षावाला खाली उतरून पलीकडच्या रिक्षावाल्याशी बोलतोय.

पण ते तीन सेकंद फुकट नसतात. ते कुणाचे तरी असतात. सिग्नलची आखणी करताना पायी माणसाचा वेग सेकंदाला १.२ मीटर धरतात. अठरा मीटरचा रस्ता, पंधरा सेकंद. कागदावर बरोबर आहे. भाजीची पिशवी घेतलेल्या, गुडघे गेलेल्या बाईला सेकंदाला जेमतेम पाऊण मीटर जमतं. तिला चोवीस सेकंद लागतात. म्हणजे आधीच नऊ कमी, आणि उरलेल्यांतले शेवटचे तीन आपण सगळे मिळून उचलून नेतो. ती मधल्या दुभाजकाच्या पुढे आलेली असते तेव्हा फळी सुटते. ती थांबते. मागे जाता येत नाही, पुढे जाता येत नाही, आणि तिच्या दोन्ही बाजूंनी वाहनं असा हॉर्न देत जातात, जणू चूक तिची आहे. जणू आज घरातून निघताना ती मुद्दाम म्हातारी होऊन आली आहे. अशा रस्त्यावर आपण सव्वादोन टनांची, इंजिनाचा आवाजही नसलेली, साडेचार सेकंदांत शंभर करणारी वस्तू आणतो आणि तिला 'फॅमिली कार' म्हणतो. कुणाची फॅमिली? त्या साडेचार सेकंदांत बाई सव्वातीन मीटर चालते. धड एक लेनसुद्धा नाही. गाडी तेवढ्यात ६२ मीटर येऊन पोचते. आणि आपण वर्षभर चर्चा कशाची करतो, तर गाडी ६२ मीटरला पोचते की ९४ ला! पदपथ नाही, आहे तिथे त्यावर मोटारसायकली आहेत, पादचारी पूल आहे तो आजीनं चढायचा कसा हे कुणाला विचारायचं नाही, पण डिकीवरचा बिल्ला लाल असावा की चंदेरी, यावर माणसं एकमेकांशी अबोला धरतात. लाज वाटायला किती सेकंद लागतात, याचाही एक स्तंभ त्या एक्सेलमध्ये घाला.

घ्यायचीच असेल गाडी, तर या दोन्हींच्या खाली, ब्रोशरच्या शेवटच्या पानावर, बारीक अक्षरांत एक तिसरी असते. एक मोटर, लहान बॅटरी, साधी चाकं, ज्यांचे टायर पंक्चरवाल्याकडे मिळतात. सेल्समन ती दाखवत नाही, कारण ती बघितल्यावर कुणाला दुसरी लागत नाही. उरलेल्या पैशांत सोसायटीतल्या सगळ्यांच्या पार्किंगला वायरिंग होईल. परवानगीचं मात्र बघावं लागेल.

आणि शोरूममध्ये गेलात, तर माझ्यासाठी एक करा. शून्य ते शंभर विचारू नका, ते तो न विचारता सांगतोच. शंभर ते शून्य विचारा. शंभरच्या वेगात समोर कुणी आलं तर भानावर यायला एक सेकंद धरा, त्यात २८ मीटर गेले; मग कोरड्या रस्त्यावर ब्रेक लावून पुढचे चाळीसेक. म्हणजे वेग घ्यायला ६२ मीटर आणि थांबायला सत्तरच्या आसपास. इथे दुसऱ्या मोटरचा आणि सहा लाखांचा काही उपयोग होत नाही. तर विचाराच, की बाबा, परफॉर्मन्स किती मीटरांत थांबते आणि लाँग रेंज किती मीटरांत? तो टॅब्लेट वरखाली चाळेल, मॅनेजरला हाक मारेल, मॅनेजर हसत हसत येईल, "सर, फार छान प्रश्न," असं म्हणेल, आणि मग तुम्हाला सनरूफ उघडून दाखवेल.